द्राक्षाची वाइन, मोहाची दारू

हा भाग आधी बोललो आणि मग लिहून काढला, त्यामुळे काही वाक्यं बोलल्यासारखीच राहिली आहेत. चालवून घ्या.

शिमग्याला मी गावी गेलो होतो. गाव म्हणजे जामसर, जव्हार तालुका. पुण्याहून निघताना वाट वाकडी करून नाशिकला थांबलो आणि तिथल्या एका वायनरीतून 2 बाटल्या घेतल्या. एक शेनिन ब्लाँ म्हणजे पांढरी, एक शिराझ म्हणजे लाल. तिथून त्र्यंबक, मग घाट उतरून मोखाडा, मग जव्हार. साधारण 80 किलोमीटरचा रस्ता. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला द्राक्षाचे मांडव आणि पलीकडच्या टोकाला मोहाची झाडं. आणि मार्चमध्ये दोन्हीकडे हंगामच असतो. नाशिकला शेवटची द्राक्षं उतरत असतात आणि आमच्याकडे पहाटे मोहाची फुलं टपटप पडायला लागतात.

संध्याकाळी अंगणात चौघं बसलो होतो. मी, माझ्याबरोबर आलेला कॉलेजचा मित्र (हा 2 वर्षं जर्मनीत काढून आलाय, हे तो तुम्हाला पहिल्या 5 मिनिटांत सांगतो), शेजारचे आजा आणि त्यांच्या सूनबाई, ज्यांना मी वहिनी म्हणतो. आजांचं वय विचाराल तर कागदावर एक आहे आणि खरं दुसरं. 80च्या आसपास धरा.

मित्रानं पांढरी चाखली आणि म्हणाला, गोड आहे रे, सरबत आहे हे. मग लाल चाखून म्हणाला की भारतीय लाल वाइनला जळक्या रबराचा वास येतो. मला पांढरी आवडली होती. खरं सांगायचं तर गोड होती म्हणूनच आवडली होती, पण तेव्हा मी गप्प बसलो. आजांनी स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हे तं चिंचेचं पाणी हाय." वहिनी लांबूनच म्हणाल्या, "दारू ती दारूच. बाटली भारी असली म्हणून काय झालं?"

गंमत अशी की महाराष्ट्रातल्या वाइनवर गेल्या 25 वर्षांत जेवढी टीका झाली, ती बहुतेक सगळी या चार वाक्यांत बसते. पण मला हा भाग करावासा वाटला तो आजांच्या पुढच्या प्रश्नामुळे. बाटली हातात फिरवत त्यांनी विचारलं, "आन हिला पोलीस धरत नाय?"

मी म्हटलं, नाही आजा, हिला सरकारची परवानगी आहे.

"आमच्या फुलांना तं नव्हती," ते म्हणाले.

ते काय म्हणत होते ते सांगतो. पण आधी नाशिकची गोष्ट, कारण ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अर्धी माहीत असेल.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला झाली नाही, ती झाली जुन्नर तालुक्यात नारायणगावला. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन बनवली. बाहेरदेशी ती 'ओमर खय्याम' या नावानं विकली गेली. तेव्हा भारतात वाइन पिणारे लोक जवळपास नव्हतेच. 1990च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. मग 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्क माफ. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क. वायनरीचा परवाना सोपा. कारण सरळ होतं: द्राक्षाचं पीक वाढत होतं, भाव पडत होते, आणि शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक हवं होतं.

आता माझ्या मित्राच्या तक्रारीबद्दल. तो अगदीच चुकीचा नाहीये. युरोपात हिवाळ्यात वेल झोपते. पानं गळतात, सगळं थंडगार पडतं, मग वसंतात ती जागी होते. नाशिकमध्ये वेल झोपतच नाही. तिला फसवावं लागतं. म्हणून आपल्याकडे वर्षात 2 छाटण्या: उन्हाळ्यात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरची, फळासाठी. त्यामुळे आपली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणजे ऊन चढत असताना. ऊन चढलं की फळात साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे करतात. युरोपच्या चवीची सवय असलेल्या जिभेला इथली वाइन वेगळी लागणारच. पण वेगळी लागणं आणि वाईट असणं यात फरक आहे, आणि माझ्या मित्रासारखे लोक तो करत नाहीत. आपल्याकडे ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाइन घेतली त्यांना थोडी गोड आवडली, आणि वायनऱ्यांनी ती बनवली. यात मला काही लाज वाटण्यासारखं दिसत नाही. आपण चहा कसा पितो? साखर घालूनच ना.

खरी टीका चवीवर व्हायला नको होती, ती दुसऱ्या गोष्टीवर व्हायला हवी होती. 2001 नंतर वायनऱ्या झपाट्यानं वाढल्या आणि शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की वाइनची जात लावा, आम्ही घेऊ. आता बघा, थॉमसन लावली आणि व्यापारी आला नाही, तर तिचा बेदाणा करता येतो, रस्त्यावर पाटी लावून विकता येते. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते कुणी खात नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, वायनरी. 2008 साली जगभर मंदी आली, वर्षाच्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वाइन मुख्यतः विकली जायची ती हॉटेलांत. टाक्या भरलेल्या आणि पुढचं पीक दारात. इंडेजनं तोवर इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कंपन्या घेऊन ठेवल्या होत्या. ती कर्जात बुडाली आणि शेवटी अवसायनात गेली. पुढच्या 2-3 वर्षांत नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. द्राक्षाची बाग म्हणजे लोखंडी अँगल, तारा, ठिबक, कर्ज. ती उपटणं म्हणजे कांदा काढून गहू पेरण्यासारखं नसतं. मला विचाराल तर रबराच्या वासाची चर्चा करणाऱ्यांनी आधी या वर्षांबद्दल बोलायला पाहिजे.

त्यानंतर उद्योग सावरला, सुला डिसेंबर 2022 मध्ये शेअर बाजारात आली, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मध्ये 27 जानेवारी 2022 चा मंत्रिमंडळाचा निर्णय आला: 100 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी. केवढा गदारोळ झाला आठवतंय? सरकारकडून सांगितलं गेलं की वाइन म्हणजे दारू नाही आणि फायदा शेतकऱ्याचा आहे. विरोधकांनी महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय असं म्हटलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. तो निर्णय अंमलात आला नाही. पण ते एक वाक्य डोक्यात राहतं: वाइन म्हणजे दारू नाही. म्हणजे वहिनींचा मुद्दा, उलटा करून.

मग दारू म्हणजे काय? हे ठरवतं कोण? इथून आपण आजांच्या फुलांकडे येतो.

मोह ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठं झाड, फाल्गुन-चैत्रात पानं गळालेली असताना फुलतं. फुलं मांसल, पिवळट पांढरी, गोड. रात्री उमलतात आणि पहाटे खाली पडतात. बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात, नाहीतर गुरं खातात. सुकवलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. म्हणून ती वर्षभर टिकतात, भाजून खातात, उकडून खातात, टंचाईच्या महिन्यात पोटाला आधार होतो. बियांचं तेल निघतं. आणि हो, फुलं भिजवून, आंबवून, मडक्यावर मडकं ठेवून दारूही निघते. लग्नात, देवाला, मयताला, पाहुण्याला. पहिल्या धारेची आधी देवापुढे जमिनीवर सांडायची, मग माणसांनी घ्यायची.

इंग्रजांना यात महसूल दिसला. 1878 साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरी दारू गाळणं गुन्हा झालं. गाळायची ती परवान्याच्या भट्टीत आणि विकायची ती ठेकेदाराच्या दुकानात. आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ऐका. मुंबई आणि आसपासच्या भागाला दारू पुरवणाऱ्या मोठ्या भट्ट्या उरणला होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या, आणि त्यात जी दारू गाळली जायची ती मोहाचीच होती! फुलं यायची गुजरातेतून, पंचमहालाकडून. म्हणजे मोहाची दारू वाईट असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. माणसानं स्वतःच्या झाडाखालची फुलं उचलून ती फुकट बनवावी, हे वाईट होतं.

पण झाडं तर दारातच होती. कितीही भट्ट्या बंद करा, फुलं पडणारच. मग सरकारनं फुलांनाच हात घातला. 1892 सालचा मुंबईचा मोह कायदा ठाणे आणि कुलाबा या 2 जिल्ह्यांसाठी होता, आणि त्यानं मोहाची फुलं बाळगण्यावर, विकण्यावर निर्बंध आणले. दारूवर नव्हे, फुलांवर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आमच्याकडे याला काय म्हणतील सांगू? एक वापरकर्ता चुकीचं बटण दाबतोय म्हणून अख्खा कीबोर्ड काढून घेणं. पण इथे कीबोर्ड म्हणजे लोकांचं खाणं होतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान होतं, तर मोखाडा ब्रिटिश मुलखात, ठाणे जिल्ह्यात. म्हणजे हा कायदा मोखाड्याचा, जामसरचा नाही. झाडं दोन्हीकडे तीच, माणसं दोन्हीकडे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, कोळी. हद्दीच्या एका बाजूचं फूल इंग्रजांच्या कायद्यात, दुसऱ्या बाजूचं राजाच्या. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो फरकही संपला.

पण म्हणून आदिवासी आणि दारू ही काही नुसती रम्य कथा नाही. ठेकेदाराचं दुकान आलं आणि त्याबरोबर उधारी आली. ठाण्याच्या डोंगरात दारूवाला, सावकार आणि जमीनदार हा बऱ्याचदा एकच माणूस असायचा. 1930च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांचा अहवाल दिला. त्यात मोखाडा पेठही येते, आणि वेठ, कर्ज, जमिनी जाणं हे सगळं त्यात आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचलं असेल तर हा मुलूख तुमच्या ओळखीचा असेल.

आणि लोकांनी स्वतःही दारूला नाही म्हटलंय. 1922 ची देवीची चळवळ. डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्यांना तिचा उगम सापडला तो आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांत, देवीच्या साथीच्या वेळच्या पूजेत. तिथून ती डोंगरात चढली आणि दक्षिण गुजरातपर्यंत गेली. अंगात येणारी देवी सांगायची: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी ऐकलं. कुठलाही अबकारी खात्याचा माणूस हे करू शकला नसता. मला वाटतं दारू सोडण्यामागे दारूच्या चवीपेक्षा दुकानाचा राग जास्त होता.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. त्याखाली 1950 मध्ये मोहाच्या फुलांचे नियम आले. इंग्रज गेले, फुलांवरची नजर राहिली. आणि आता ती जामसरवरही होती.

आजांची गोष्ट याच काळातली. लग्न नुकतं झालं होतं, म्हणजे 1960च्या दशकात कधीतरी. घरात कणगीत सुकी फुलं होती. कुणीतरी खबर दिली, माणसं आली, कणगी ओतली. आजांच्या बायकोनं सांगितलं की ही खायची आहेत, पावसाळ्याची. आजा आजही हे सांगताना बायकोचाच आवाज काढतात. फुलं पंचनाम्यात गेली. आजा तालुक्याला चकरा मारत राहिले, दंड भरला, त्यासाठी एक बैल विकला. मी विचारलं, खरंच दारूची नव्हती का हो? ते हसले. म्हणाले, "थोडी दारूची पन व्हती. सगली नाय."

हेच तर आहे. थोडी दारूची पण होती. द्राक्षसुद्धा थोडं दारूचं असतं, थोडं बेदाण्याचं, थोडं खायचं. ऊससुद्धा. सरकारमान्य देशी दारू ही उसाच्या मळीतून निघणाऱ्या मद्यार्काची असते. 2007 मध्ये तर धान्यापासून मद्यार्क बनवण्याला राज्यानं प्रोत्साहन दिलं होतं, त्यावरही वाद झाला. पण उसाच्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन कुणी गूळ जप्त केल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझा मित्र इथे मध्येच बोलला आणि त्याचा मुद्दा बरोबर होता. तो म्हणाला, अरे पण वाइन आंबवलेली असते, 11 ते 14 टक्के. मोहाची गाळलेली, तिच्या दुप्पट-तिप्पट कडक. शिवाय हातभट्टीत लोक नवसागर आणि काय काय घालतात, माणसं मरतात. हे सगळं खरं आहे. कडक दारूला वेगळा कायदा हवा, मान्य. मग ताडीचं काय? ताडी गाळलेली नसते, आंबलेली असते, वाइनपेक्षा सौम्य असते, आणि तिच्या झाडावर चढायलासुद्धा परवाना लागतो. आणि फुलात तर 0 टक्के अल्कोहोल असतं. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही टक्क्यांत बसणारं उत्तर नाही. मला दिसतं ते एवढंच की द्राक्षाच्या मागे संघटना होत्या, कारखाने होते, आमदार होते. मोहाच्या मागे पहाटे टोपली घेऊन जाणाऱ्या बायका होत्या.

थोडं बदललंय. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांच्या विक्रीचं नियमन ग्रामसभेच्या हातात दिलं, कागदावर तरी. जव्हार-मोखाडा त्यात येतात. 2021 मध्ये महाराष्ट्रानं मोहफुलं गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले. गोव्यानं फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि पुढे तिला राज्याचं वारसा मद्य म्हटलं. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला हेरिटेज म्हणून बाटलीत भरायला सुरुवात केली, अलिराजपूरकडे आदिवासी बचत गटांच्या हातून. आपल्याकडेच पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन होते.

मी हे सगळं उत्साहानं अंगणात सांगितलं. मोहाचीही एक वायनरी, म्हणजे डिस्टिलरी, जव्हारला व्हावी, लेबलवर वारली चित्र, पुण्या-मुंबईचे लोक येतील वगैरे. वहिनींनी भांडी घासता घासता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, ती बाटली कितीला विकतील?"

मी म्हटलं, हजार-बाराशे.

"मग ती आमचे लोक नाय पिणार. आमचे लोक जी पितात तीच पितील, पाऊचमधली. आन फुलं आमच्याकडून किती रुपये किलोनं नेतील?"

मी गप्प झालो. वहिनींचा नवरा म्हणजे आजांचा मोठा मुलगा, तो दारूनंच गेला, 40 पण नव्हता. मोहाच्या नाही, बाजारातल्या. गावातल्या बायकांनी मिळून दारूविरुद्ध ठराव केला होता त्यात वहिनी पुढे होत्या. त्यांना द्राक्ष, मोह, ऊस यात काही फरक करायचा नाहीये आणि तसा आग्रह मी धरणं बरोबर नाही. पण फुलांचा भाव त्यांनी विचारला, हेही लक्षात घ्या. दारू नको म्हणणाऱ्या बाईला फूल नको झालेलं नाही. सकाळी 5 वाजता त्याच टोपली घेऊन निघाल्या होत्या.

मीही मागोमाग गेलो. तासाभरात माझी जेमतेम ओंजळ भरली, त्यांची टोपली भरली. ताजं फूल तोंडात टाकलं की आधी गोड लागतं, मग घशात थोडं उग्र. मित्राला दिलं. तो बराच वेळ चघळत राहिला आणि म्हणाला, हे मात्र कशासारखंच लागत नाही.

आजांनी उरलेली शिराझ दुसऱ्या दिवशी आंबट झाली म्हणून तुळशीपाशी ओतली आणि बाटली धुऊन ठेवली. तेल ठेवायला बरी आहे म्हणाले.

पुढच्या भागात उरणच्या भट्ट्यांवर सविस्तर बोलू. तिथल्या भट्ट्यांत कामाला असलेल्या कुणाच्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी, जुने कागद, परवाने घरात असतील तर मला जरूर कळवा. भेटूच.